चि. मनूस, उधारीबद्दल



वहिनीचा फोन आला होता. त्या कंपनीनं तुझे लोगोचे पैसे तीन महिने अडकवलेत आणि तू मागायला लाजतेस म्हणे. बाळा, केलेल्या कामाचे पैसे मागायला लाज कसली? चिडू मात्र नकोस. फेसबुकवर नाव घेऊन तर काहीच लिहू नकोस, ते त्यांच्याच वकिलाच्या उपयोगी पडतं.

ह्यांच्या छापखान्यात उधारीची वही माझ्याकडे असायची. निवडणुकीची पत्रकं हे रोख घेतल्याशिवाय मशीनवर चढवत नसत. म्हणायचे, निवडून आलेला भेटत नाही आणि पडलेला देत नाही! तूही निम्मे पैसे आगाऊ घेत जा. मूळ फायली शेवटचा हप्ता आल्यावरच द्यायच्या.

आता हे बिल. काम सांगणाऱ्याच्या हातात बहुधा पैसे नसतात, आणि तू त्यालाच व्हॉट्सअ‍ॅप करत बसली असशील. अकाउंट्सला मेल कर. बिल नंबर, तारीख, रक्कम, कधी देणार, बास. फोनवर बोलणं झालं तरी लगेच मेलनं कळव. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ एवढं जरी त्यांच्याकडून लेखी आलं, तरी देणं कबूल झालं. आणि तुझं २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचं इन्कम टॅक्सचं पत्रक, उघडून बघ गं. या बिलावर टीडीएस भरलेला दिसला, तर बिल मिळालंच नाही असं म्हणायची त्यांची सोय उरत नाही. तरीही हलले नाहीत तर वकिलाची नोटीस. दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तोवर थांबायचं नाही.

उद्यम नोंदणी केलीस का? फुकट होते. २००६ च्या कायद्यानं नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५. चुकले की बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. त्याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रारही करता येते. नोंदणी कामाआधीची लागते, त्यामुळे या बिलाला तिचा भरवसा धरू नकोस, पुढच्यासाठी कर.

वहिनीकडे मेतकूट दिलंय. रात्री जागून उपाशी झोपत जाऊ नकोस. मेल धाडण्याआधी मला दाखव, पण अक्षर मोठं ठेव, चष्मा अजून दुकानातच आहे.

तुझी,
आत्या