मैत्रीतील हिशेब

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली जे वर्तणुकीचे नियम करण्यात आले, त्यांतील तेरावा नियम भेटींविषयी आहे. आपणांपैकी बहुतेकांनी तो खात्याच्या परीक्षेपुरता वाचला असेल. फुकटचा प्रवास, राहण्याजेवण्याची सोय, कोणताही आर्थिक लाभ, हे सारे ‘भेट’ या शब्दात येते असे तो म्हणतो. जवळचे नातलग आणि ज्यांच्याशी कामकाजाचा संबंध नाही असे खासगी मित्र, एवढ्यांनाच त्यातून वगळतो. खाली एक टीप आहे. प्रसंगाने घडलेले जेवण, कोणाच्या वाहनातून मिळालेली ‘लिफ्ट’ आणि असलेच इतर आदरातिथ्य भेट समजू नये. पुढची टीप मात्र बजावते की, ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो त्यांचे थाटाचे अथवा वारंवारचे आदरातिथ्य टाळावे. ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा, हे नियमाने आपल्या विवेकावर सोडले आहे, आणि ते बरेच केले.

नियम करणारांच्या मनात भीती होती ती लाचेची. मला पडलेला प्रश्न त्याहून साधा आणि म्हणूनच अधिक अडचणीचा आहे. जेथे लाचेचा संशयदेखील येऊ नये अशा निखळ मित्रमंडळींत घेतल्यादिल्याचा हिशेब असावा काय? ‘मैत्रीत हिशेब कसला!’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, ते तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही चौघे भोपाळहून इंदुरास निघालो. केंद्राच्या कचेऱ्यांना १९८५ पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हापासून आपल्यासारख्या परमुलखी राहणारांना असे दोन दिवसांचे बेत सुचू लागले असावेत. आमच्या एका स्नेह्याच्या वडिलांना, आप्पांना, पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. गाडी चौघांपैकी एकाची. सिहोर, आष्टा, सोनकच्छ, देवास असा सुमारे एकशे नव्वद किलोमीटरांचा रस्ता. दोहो बाजूंस गव्हाचे कोवळे हिरवेपण. पूर्वी टोलनाक्यावर ‘मी देतो, मी देतो’ असा एक प्रेमळ झगडा होत असे. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि तो झगडा संपला. काचेवरची पट्टी वाचली जाते, गाडीमालकाच्या खात्यातून पैसे परस्पर जातात आणि दांडा वर होतो. देणाऱ्याला देण्याचे सुख नाही, घेणाऱ्याला संकोच नाही.

सोनकच्छला चहा झाला. काली सिंध ओलांडण्यापूर्वीच आमच्यातल्या एकाने पेट्रोल आणि चहा यांची आपली चौथाई मोबाइलवरून गाडीमालकाकडे रवाना केली. आम्हां चौघांत त्याचा पगार सर्वांत कमी. घरी आई आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण. गाडीमालकाला ते लागले. “अरे, आपल्यात हिशेब कसला?” तो म्हणाला. त्यावर आमचा मित्र शांतपणे म्हणाला, “तू हिशेब ठेवला नाहीस, तर पुढच्या वेळी मला येता यायचं नाही.”

देवासची टेकडी दिसेपर्यंत गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

मैत्रीत हिशेब नसावा हे तत्त्व नेहमी कोण सांगतो, हे एकदा लक्षात घ्यावे. ते देणारा सांगतो. ज्याला परतफेड करणे अवघड आहे, त्याच्या तोंडी ते वाक्य शोभत नाही आणि तो ते उच्चारीतही नाही. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात एक मार्मिक प्रश्न विचारला आहे: उपकार करणारा उपकृतावर जेवढे प्रेम करतो, तेवढे उपकृत त्याच्यावर का करीत नाही? त्याचे उत्तर असे की, कारागिराला आपली कृती प्रिय असते तसा उपकृत हा उपकारकर्त्याला आपली निर्मिती म्हणून प्रिय वाटतो. उत्तर खरे असेल. पण दुसऱ्याची कृती होऊन राहणे कोणत्या स्वाभिमानी माणसाला रुचेल? आमच्या मित्राची चौथाई म्हणजे ‘मी तुमचा सोबती आहे, तुमची कृती नव्हे’ असे सांगणे होते.

आपल्या घराघरांतून लग्नकार्यानंतर आहेराची यादी करून ठेवण्याची चाल आहे. कोणी किती रुपये दिले, कोणी खण दिला, कोणी भांडे. शिकलेली माणसे त्या यादीला हसतात. मला ती हसण्याजोगी वाटत नाही. अकरा रुपये देणाऱ्या घरी कार्य निघाले की त्याच्या ऐपतीला साजेसाच आहेर परत जावा, भारी आहेर करून त्याला खाली पाहावयास लावू नये, एवढी समज त्या यादीत आहे.

मग चौथाई तत्काळ चुकती करणे हेच उत्तम, असे म्हणावे काय? तसेही मला म्हणवत नाही. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या भेटीविषयीच्या आपल्या निबंधात देणे, घेणे आणि परत करणे अशी तीन बंधने सांगितली. ज्या क्षणी घेतले त्याच क्षणी परत केले, तर उरतो तो सौदा. मोबाइलवर पैशापैशाची वाटणी करून घरी परतणारी आजची तरुण मंडळी एकमेकांचे काहीच लागत नाहीत; आणि ‘काही लागणे’ या शब्दांत आपल्या भाषेने नाते आणि देणे एकत्र बांधले आहे. ऋण काही काळ अंगावर वागवण्याची तयारी हवी, आणि समोरच्यालाही कधी तरी आपला धनको होऊ देण्याची. ही दुसरी गोष्ट पैसेवाल्या मित्राला फार जड जाते, असे मी पाहिले आहे.

इंदूरच्या त्या समारंभाच्या निमंत्रणावर ‘आहेर आणू नये’ असे छापलेले होते. हे छापण्यात सौजन्य आहे, तसाच थोडा अहंकारही आहे. सुदैवाने कोणी ते फारसे मनावर घेतले नव्हते. पंचाहत्तर दिव्यांनी आप्पांचे औक्षण झाले. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की, मनुष्य जन्मतःच ऋणी असतो. देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर तेथे चौथे, मनुष्यांचे ऋणही सांगितले आहे, आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणजे माणसांना आसरा व अन्न देणे. वाढदिवसाला जेवू घालण्याची चाल कोठूनही आलेली असो, त्या दिवशी यजमान व्हावे तो जन्मलेल्यानेच, हे मला यथायोग्य वाटते. आमच्या मित्राने आप्पांसाठी आईच्या हातचे मेतकूट नेले होते. आप्पांनी डबा तेथेच उघडून वास घेतला आणि “याची परतफेड माझ्याकडून व्हायची नाही” असे म्हणून तो स्वतःजवळ ठेवून घेतला.

रविवारी परतताना पेट्रोलची चौथाई गाडीमालकाने काही न बोलता घेतली. टोलची रक्कम किती झाली, हे कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.