दुसऱ्यांना धडा म्हणून

पनाह मागणे हा गुन्हा आहे काय? निर्वासितांविषयीचा १९५१ चा जागतिक करार म्हणतो, नाही. जीव वाचवण्यासाठी विनापरवाना आलेल्याला त्याबद्दल शिक्षा करू नये. सहावा देश सामील झाला आणि १९५४ साली हा करार अमलात आला. तो सहावा देश म्हणजे ऑस्ट्रेलिया.

याच ऑस्ट्रेलियाने १९९२ पासून बोटीने आलेल्यांना कोठडी सक्तीची केली. जुलै २०१३ मध्ये जाहीर झाले की, अशा माणसाला ऑस्ट्रेलियात कधीच वसू देणार नाही. त्याची रवानगी पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर किंवा नाउरूला. त्यांत इराणी, अफगाण हजारा, रोहिंग्या होते, श्रीलंकेचे तमिळही. बेहरूज बूचानी हा कुर्द पत्रकार मानुसवर 'एमईजी ४५' झाला. जेवणासाठी रांग, शौचालयासाठी रांग, फोनसाठी रांग. लपवलेल्या मोबाइलवरून फारसीत संदेश धाडून त्याने पुस्तक लिहिले. २०१९ साली त्याला ऑस्ट्रेलियातला मोठा वाङ्मय पुरस्कार मिळाला, तेव्हाही लेखक बेटावरच अडकलेला! २०१४ मध्ये तिथल्या एका इराणी तरुणाच्या पायाची जखम चिघळली. डॉक्टरांनी त्याला तातडीने हलवायला सांगितले, परवानगीचे कागद फिरत राहिले, आणि तो गेला. हा मृत्यू टाळता आला असता, असा निर्णय चौकशीअंती २०१८ साली आला.

सरकारची बाजू अशी की, सक्ती केली नाही तर आणखी लोक बोटीत बसतील आणि बुडतील. हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर एकच बोट बुडून ३५३ माणसे गेली होती.

पण त्याचा अर्थ नीट पाहा. मानुसवरच्या माणसाला त्याच्या कृत्यासाठी कोंडलेले नव्हते. इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कुणा अनोळखी माणसाने घाबरावे, म्हणून कोंडले होते. चोराच्या शिक्षेला मुदत असते. इथे मुदत कशी असणार? आणि त्याला चांगले वागवले तर धडाच फिका पडतो. म्हणजे तिथले हाल ही व्यवस्थेतली हयगय नव्हती. हाल हेच त्या व्यवस्थेचे काम होते. उद्या कुणी उशिरा येऊ नये म्हणून आज वेळेवर आलेल्या पोराला उन्हात उभे करणारा मास्तर आपण शाळेत ठेवू का? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटने सांगितले. हबशाच्या नजाशीने कांट वाचला नव्हता. मक्केचे वकील नजराणे घेऊन दरबारात आले, तरी त्याने आधी मुहाजिरांचे म्हणणे ऐकून घेतले.

एप्रिल २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मानुसची कोठडी बेकायदा ठरवली. ती बंद व्हायला ३१ ऑक्टोबर २०१७ उजाडला. वीज-पाणी तोडले गेले. शेकडो माणसांनी मात्र बाहेर पडायला नकार दिला आणि पावसाचे पाणी साठवून तीन आठवडे तिथेच काढले. बेटावरच दुसऱ्या छावणीत नेऊन ठेवणार होते. तिथे आपण सुरक्षित राहू, असे त्यांना वाटत नव्हते.