आपद्धर्म कोणाचा?

आपद्धर्म हा शब्द आपल्याकडे फार सैल हाताने वापरला जातो. शांतिपर्वात त्या नावाचे एक उपपर्वच आहे, आणि त्यातील विश्वामित्राची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी पुराणिकांच्या तोंडून ऐकलेली असते. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकुळ झालेला हा ऋषी चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. कथेचे तात्पर्य सर्वांस ठाऊक असते. परंतु तिच्यातील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. एक ही की, तो चांडाळ जागा होऊन जाब विचारतो आणि एवढ्या मोठ्या तपस्व्यालाही त्याच्याशी धर्माधर्माचा वाद करावा लागतो. दुसरी ही की, अभक्ष्यभक्षणाचे जे पाप, ते विश्वामित्राच्याच माथी येणार होते.

राजसत्ता आपद्धर्माचे नाव घेते तेव्हा या दोन्ही गोष्टी पालटतात. मोडला जाणारा नियम प्रजेच्या रक्षणासाठी असतो आणि त्याची झळही प्रजेलाच लागते. मोडणारा मात्र सुरक्षित राहतो.

२५ ऑगस्ट २०१५ रोजी अहमदाबादेत पाटीदार आंदोलनाची प्रचंड सभा झाली व त्या रात्रीपासून गुजरातभर दंगल उसळली. सुरतेत वराछा, कापोद्रा या भागांत संचारबंदी आली, लष्कर आले आणि राज्यभर मोबाइलवरील इंटरनेट कित्येक दिवस बंद राहिले. तेथून पर्वत पाटिया काही दूर नाही. आधार घेतला होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाचा, म्हणजे तारायंत्राच्या काळातील जमावबंदीच्या हत्याराचा. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६९-अ कलमाने विवक्षित संकेतस्थळे तेवढी रोखता आली असती, असा आक्षेप उच्च न्यायालयात घेण्यात आला. न्यायालयाने तो मानला नाही. ६९-अ चा अधिकार केंद्राचा, सार्वजनिक सुव्यवस्था मात्र राज्याची. तेव्हा राज्याने हाताशी होते ते शस्त्र उचलले.

सरकारची बाजू हलकी लेखू नये. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या वार्तेने लाखो माणसे सुरत सोडून गेली, त्या वेळी कोणाच्याही खिशात मोबाइल नव्हता. अफवेचे पाय किती वेगाने धावतात हे या शहराइतके कोणास ठाऊक असणार? आज तर वीजकेंद्रे, बँका, रुग्णालये एकाच जाळ्यात गुंफलेली आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालावरून घातपाताचा संशय जाहीर केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक ठरविली. जे दोन सरकारांना पाच महिन्यांनी एकमताने सांगता आले नाही, ते एखाद्या अधिकाऱ्याला तासाभरात कसे कळावे? संशयावरच कृती करणे त्यास प्राप्त असते, हे मान्य केलेच पाहिजे.

पण म्हणूनच त्याच्या हातातील दोरी आखूड हवी. २८ फेब्रुवारी २०१६ रोजी याच गुजरातेत महसूल तलाठ्यांच्या भरतीपरीक्षेत नक्कल होऊ नये म्हणून मोबाइल इंटरनेट काही तास बंद ठेवले गेले. दंगलीसाठी काढलेली तलवार सहा महिन्यांत परीक्षेच्या कॉपीवर चालली! आणि झळ कोणास? २०१५ साली तारेवरचे इंटरनेट चालूच होते; पेढ्या व कचेऱ्या निभावल्या. पर्वत पाटियाच्या आसपास साड्यांच्या कामावर राबणाऱ्या, खानदेशातून आलेल्या आपल्या माणसांपाशी मात्र असतो तो हातातला मोबाइलच. आता मजुरीचे पैसे आणि भाजीचा हिशेबही त्यातूनच होतो. त्यांनी कोणता दंगा केला होता?

राज्यघटनेने राज्य सरकारला आणीबाणी पुकारण्याचा अधिकार दिलेला नाही, हे येथे सांगणे अवश्य आहे. तरीही ‘सार्वजनिक आणीबाणी’ या शब्दांवर राज्याचा गृहसचिव सारे संदेशवहन थांबवू शकतो. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, काश्मीरच्या प्रकरणात, असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, ते बेमुदत असू नयेत आणि संकटाच्या प्रमाणात असावेत, असे ठरविले. त्यानंतर पंधरा दिवसांची मर्यादा आली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालील २०२४ च्या नियमांतही ती आहे. हे बंधन मोलाचे आहे. आदेश छापला गेला की निदान जाब विचारण्यास कागद तरी हाती येतो.

परंतु तो विचारणार कोण? राज्याच्या पुनर्विलोकन समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृहखात्याबाहेरचा आणखी एक सचिव. तिघेही त्याच सरकारचे सेवक. निवृत्त न्यायाधीश व जनतेतील माणसे समितीत घ्यावीत, असे संसदेच्या स्थायी समितीने २०२१ मध्ये सुचविले होते. नव्या नियमांत ते उतरले नाही. विश्वामित्राने आपल्याच शिष्यांपैकी तिघांना बोलावून, मी तंगडी घेतली ते योग्यच ना, असे विचारले असते, तर ती कथा व्यासांनी शांतिपर्वात घातली असती असे वाटत नाही.