गुलदार आणि ढवळ्या

आमच्या देवगाव फाट्यावर समुद्राची गोष्ट काढली तर लोक हसतील. सेलूचा रस्ता इथे येऊन मिळतो; चार चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाला, बसची वाट पाहणारी माणसे आणि चहूकडे काळी जमीन, एवढेच आमचे जग. पण एक युद्धनौका इथे रोज येते, असे मी म्हटले तर ते खोटे नाही. ती माझ्या पुतण्याच्या मोटारसायकलीतून येते.

'विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू नौका. ती १९६१ साली आरमारात आली, १९७१ च्या युद्धात लढली, १९९७ साली निवृत्त झाली. पुढे काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. शेवटी लिलाव झाला आणि २०१४ साली ती तोडायला काढली. त्यातले काही लोखंड वितळवून बजाज कंपनीने २०१६ साली एक मोटारसायकल बाजारात आणली. पुतण्याची गाडी ती. मागे दुधाच्या दोन किटल्या बांधलेल्या, आणि हा टाकीवर थाप मारून परक्या माणसाला सांगतो, "हिच्यात विक्रांत आहे!" ऐकणारा एकदा किटल्यांकडे पाहतो, एकदा याच्याकडे.

हाच पुतण्या मागल्या वर्षी मित्रांबरोबर तारकर्लीला गेला आणि पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्रात उतरून आला. विहिरीत पोहायला शिकलेले पोर. त्याला वाटले, पाणी ते पाणी. पण खाली गेल्यावर कानात कळ आली तेव्हा त्याला समजले की पाण्याला वजन असते. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट, आणि तेवढ्याच पटीने नळकांड्यातली हवा लवकर संपते. वर येतानाही घाई करून चालत नाही, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि माणूस जायबंदी होतो. हे सगळे तो आम्हाला फराळाच्या ताटावर सांगत होता. बोलता बोलता 'गुलदार'चा विषय निघाला.

गुलदार म्हणजे बिबट्या. या नावाची नौका पोलंडमधल्या ग्डिनिया येथे बांधली गेली आणि १९८५ च्या अखेरीस आपल्या आरमारात दाखल झाली. रणगाडे आणि शिपाई थेट किनाऱ्यावर उतरवणे हे तिचे काम. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला ती आपल्या दोन बहिणींसह, 'चीता' आणि 'कुंभीर' यांच्यासह, निवृत्त झाली. २०२५ साली ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली झाली. ठरले ते असे, की सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ तिला समुद्रतळाशी बसवायचे, म्हणजे तिच्यावर प्रवाळ वाढेल, मासे घर करतील आणि पाणबुडे तिला पाहायला जातील.

"म्हणजे सरकारच बोट बुडवणार?" माझ्या वहिनीने विचारले. "आणि त्याला पुण्य म्हणायचे?"

प्रश्न साधा आहे, पण मला तो सोपा वाटला नाही.

पुण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. वाळूच्या सपाट तळावर चिकटायला काही नसते. तिथे लोखंडाची भिंत उभी राहिली की प्रथम शेवाळ धरते, मग शिंपले, मग स्पंज आणि प्रवाळ, आणि त्यांच्या मागे लहान मासे, लहानांच्या मागे मोठे. अमेरिकेने 'ओरिस्कनी' ही प्रचंड विमानवाहू नौका २००६ साली फ्लोरिडाजवळ अशीच बुडवली. ती ३७ मिनिटांत तळाला गेली आणि आज पाणबुड्यांचे तीर्थक्षेत्र झाली आहे. मात्र हे मासे तिथे नव्याने वाढतात, की आजूबाजूचेच येऊन गोळा होतात, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. दुसरे खरे असेल तर आपण माशांना घर बांधले नाही, कोळ्याला पत्ता दिला.

आणि आपण देतो म्हणजे नेमके काय देतो? त्याच फ्लोरिडात १९७२ साली सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले होते. तेव्हाही नाव हेच होते, माशांसाठी घर. बांधलेल्या तारा गंजून तुटल्या, टायर लाटांबरोबर फिरू लागले आणि जवळचे जिवंत प्रवाळ खरडून काढू लागले. पुढे लष्कराचे पाणबुडे ते एकेक करून वर काढत बसले. समुद्राला कुणी विचारले नव्हते. दिवाळीच्या साफसफाईत फाटकी सदरी कामवाल्या बाईच्या हातावर ठेवून "तुझ्या पोराला होईल" म्हणणारे आपणही काही वेगळे नाही. तिला नाही म्हणता येत नाही, आणि आपण त्याला देणे म्हणतो.

म्हणून मला वाटते, बोट बुडवण्याआधीच्या दिवसांत काय केले, यावर बरेच अवलंबून आहे. तेल उपसावे लागते, विषारी रंग आणि वायरी काढाव्या लागतात, दारे उतरवून मोठी भोके पाडावी लागतात, म्हणजे आत शिरलेला पाणबुडा अडकणार नाही. ज्याला फक्त टाकायचे असते तो एवढे कष्ट घेत नाही.

"मग विकून टाकावी सरळ," पुतण्या म्हणाला. 'विराट'चे तेच झाले. १९५९ पासून इंग्रजांच्या आणि १९८७ पासून आपल्या आरमारात राबलेली ती नौका २०१७ साली निवृत्त झाली. निवतीलाच तिचे संग्रहालय करायचे महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८ साली मंजूर केले होते. खर्च ८५२ कोटी. जमले नाही. २०२० साली ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. हळहळ सगळ्यांना वाटली, पैसे कुणाकडे नव्हते. यात मी कुणाला दोष देत नाही. लोखंडाला वेदना नसते, आणि त्याचा पत्रा होऊन कुणाचे छप्पर झाले तर तेही वाईट नाही. विक्रांतवर दूध चालले आहेच.

पण बुडालेले प्रत्येक जहाज पाहायला जाण्याचे नसते. 'खुकरी' ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले, आणि शंभरावर नाविक. तिथे तिकीट काढून कुणी उतरावे, ही कल्पना मला सोसत नाही. गुलदारच्या पोटात मात्र कुणी झोपलेले नाही. तिच्यावर चाळीस वर्षे राबलेली माणसे आपल्या घरी आहेत, आणि त्यांतल्या कुणाला नातवाला सांगता येईल, की आमची बोट अमुक ठिकाणी आहे. हे सांगता येणे मला फार मोलाचे वाटते. त्याचे कारण गुलदार नाही, आमचा ढवळ्या आहे.

मी शाळेत होतो. ढवळ्या अकरा-बारा वर्षे आमच्या औताला होता. पुढचे पाय आखडले, नांगर ओढवेना. त्या साली पाऊस नव्हता, कडबा विकत घ्यावा लागत होता, आणि घरात आम्ही सात खाणारे. बाबांनी त्याला धुतले, शिंगांना तेल लावले आणि बाजाराला नेले. संध्याकाळी रिकामा कासरा खांद्यावर टाकून परत आले. आईने ताट वाढले, ते तसेच राहिले.

"कुणी घेतला?" आईने विचारले.

"म्या इचारलंच न्हाई," बाबा म्हणाले.

मी त्यांना तेव्हाही चूक म्हटले नाही, आज तर मुळीच म्हणणार नाही. सात तोंडांपुढे एका मुक्या तोंडाचा हिशेब त्यांना करावा लागला. पण त्या दिवसानंतर बाबा त्या बाजाराला कधी गेले नाहीत. बैल घ्यायचा झाला तर मला पाठवीत, आणि मी परत आलो की पैशाची गोष्ट निघण्याआधी विकणाऱ्याचे नाव, गाव आणि घर कुठे ते विचारून घेत.