शिलोहाचा बुरूज व घाटकोपरचे विमान

मुंबईच्या सांताक्रूझ स्थानकाच्या पश्चिमेस जुहूचे विमानतळ आहे. १९२८ साली ते सुरू झाले, आणि उड्डाणविद्या शिकणाऱ्या तरुणांनी पुढे पुष्कळ वर्षे तेथे धडे घेतले. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आले ते तेथेच उतरले. त्याच जागेहून २८ जून २०१८ रोजी, पावसाळ्याच्या दिवसांत, एक लहान विमान दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी उडाले. आत दोन वैमानिक व दोन तंत्रज्ञ होते. ते माघारी पोहोचलेच नाही. घाटकोपर येथे एका बांधकामाच्या जागी कोसळून पेटले. ते चौघे मरण पावले, आणि खाली रस्त्याने जाणारा एक मनुष्यही. बांधकामावरील मजूर त्या वेळी जेवावयास गेले होते म्हणून वाचले, असे वर्तमानपत्रांत आले.

देवाने मजुरांस वाचविले, अशी साक्ष आपल्या मंडळीत कोणी दिली, तर आपण सर्व आमेन म्हणू. मीही म्हणेन. परंतु मग रस्त्याने जाणाऱ्यास देवाने टाकले काय?

उड्डाण शिकणाऱ्यास आरंभीच सांगतात की, पंखांवरून हवा वेगाने वाहत आहे तोवरच विमान तोलले जाते. नुकतेच जमीन सोडलेल्या विमानाचा वेग थोडा आणि उंचीही थोडी. तेव्हा यंत्र बंद पडले व शिष्याने घाबरून नाक वर ओढले, किंवा विमानतळाकडे एकदम वळण घेतले, तर पंखांचा आधार सुटतो आणि सावरण्यास जागा उरत नाही. म्हणून गुरू बजावतो : नाक खाली कर, समोर सापडेल तेथे उतर. (घाटकोपरास असेच घडले, असे मी म्हणत नाही.) हा नियम भक्तास एक व नास्तिकास दुसरा, असा नाही. आणि तो तसा आहे ही देवाची कृपाच. माणूस पाहून वजन बदलू लागले, तर विहीर बांधणाऱ्या गवंड्याने ओळंबा कशाच्या भरवशावर सोडावा?

शिलोहातील बुरूज अठरा जणांवर पडला, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते असे लोकांस वाटले. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने ही समजूत साफ नाकारली. बुरूज का पडला, हे मात्र त्याने सांगितले नाही. ऐकणाऱ्यांस स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळविले. मृतांच्या पापांची मोजदाद करावयास आलेल्यांस ते रुचले नसावे.

आपल्या गावांत दरड कोसळून कोणी मेला, किंवा कोणावर वीज पडली, की दुसऱ्याच दिवशी पारावर कुजबुज सुरू होते : त्याने रविवार मोडला होता, त्याने दशमांश चुकविला होता. खेदाची गोष्ट ही की, पुष्कळदा ती कुजबुज आपल्यातलेच लोक करतात, आणि एखादा उपदेशक तिचाच उपदेश करतो. त्या घरची विधवा पुढल्या बाकावर बसून तो ऐकत असते. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. आपल्याला एक दिवसही का धीर धरवत नाही?

वाचलेल्या मजुराने उपकारस्तुती अवश्य करावी. पण त्याच प्रार्थनेत त्या वाटसरूच्या घरच्यांसाठीही त्याने देवाजवळ मागावे. आणि त्याचे मागणे संपेपर्यंत मंडळीने आमेन म्हणण्याची घाई करू नये.