शंकासमाधान : चातुर्मासात घर बदलावे का?

शंका : आम्ही परभणीत एक जुने, राहते घर विकत घेतले. खरेदीखत झाले, कर्जाचा हप्ता सुरू झाला आणि इथले भाड्याचे घर आषाढअखेर सोडायचे आहे. गुरुजी म्हणतात, चातुर्मास लागला. आता तुळशीच्या लग्नानंतर वास्तुशांत करू, तोवर तिकडे एक भांडेसुद्धा नेऊ नका. शिवाय कलश सवाष्णीच्याच हाती हवा, सासूबाई विधवा असल्याने त्यांनी मागून यावे. घराचा इसार सासूबाईंनीच पाटल्या मोडून दिला आहे. काय करावे?
— एक भगिनी, मानवत

समाधान : श्रावण लागताच चांगला वार पाहून खुशाल राहायला जा. गुरुजींनी सांगितलेला नियम नव्याने बांधलेल्या घराचा आहे, तुमचे घर जुने आहे. हा फरक राम दैवज्ञांनी शके 1522 मध्ये काशीत लिहिलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त स्पष्ट केला आहे. मुहूर्ताच्या बाबतीत याच ग्रंथाचा हवाला पुरोहित देतात. जुन्या किंवा पुन्हा उभारलेल्या घरात जायला कार्तिक-मार्गशीर्षाप्रमाणे श्रावणही चालतो आणि तिथे गुरु-शुक्राच्या अस्ताचा विचार आवश्यक नाही, असे त्यात सांगितले आहे. देव झोपलेले असताना शुभकार्य कसे, असे कोणी विचारील. त्याच चातुर्मासात आपण घरोघर गणपती बसवतो, गौरी आणतो, नवरात्राचे घट मांडतो. ज्या महिन्यांत देव घरी येतात, त्या महिन्यांत घरच्या माणसांनी मात्र आपल्याच घराबाहेर राहावे, याला काही अर्थ नाही.

‘भांडेसुद्धा नेऊ नका’ याला तर कसलाच आधार नाही. मुहूर्त असतो तो प्रवेशाचा, टेम्पोचा नव्हे. सामान त्याआधी नेता येते आणि नीट नेणे हेही धर्माचेच काम आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून पहिला मोठा पाऊस पडून गेला की रिकाम्या घरात जाऊन खिडक्यांच्या कोपऱ्यांतल्या भेगा, छताची ओल आणि जुनी वायरिंग पाहून घ्या. सामान हलवल्यावर हे उमगले तर दुप्पट खर्च येतो. ज्वारी-गव्हाची पोती कोरड्या दिवशी, ताडपत्री घालून न्या. गल्लीत चिखल असेल तर टेम्पो कुठवर येईल ते आदल्या दिवशी पाहा, आणि हमालांची मजुरी आधी ठरवून त्याच संध्याकाळी चुकती करा. खरेदीखत आणि कराच्या पावत्या पेट्यांत न टाकता स्वतःजवळ ठेवा. वेगळे काही ठरले नसेल तर विक्रीच्या तारखेपर्यंतचा कर विकणाऱ्याने भरायचा असतो, ही 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली तरतूद आहे. तो भरल्याची पावती मागून घ्या. महापालिकेत आणि महावितरणकडे नाव लावण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. जुन्या घरातून देव सर्वांत शेवटी उचला आणि नव्या घरात सर्वांत आधी मांडा.

पुष्कळदा ‘थांबा’ या सल्ल्यामागे शास्त्र नसते, हिशेब असतो. आज थांबवलेला यजमान कार्तिकात घाबरलेला मिळतो, आणि घाबरलेला माणूस सोन्याची प्रतिमा, गोप्रदानाची रक्कम, दोषनिवारणाचा वेगळा होम, सगळ्याला मान डोलावतो. तुम्ही मात्र चार महिने भाडे आणि हप्ता दोन्ही भरत बसाल. याच जिल्ह्यातल्या पाथरीचे ज्ञानराज यांनी इ. स. 1503 च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ रचला. ग्रहांचे गणित लोकांना समजावून सांगणे ही त्या विद्येची थोरवी होती, लोकांना ग्रहांचे भय घालणे नव्हे. म्हणून दक्षिणा आधी सांगणारे आणि यथाशक्ती या शब्दाचा मान राखणारे गुरुजी बोलवा. प्रवेशाच्या दिवशी गणपतीपूजन करा. वास्तुशांत पुढे सवडीने करता येईल.

आता सासूबाईंविषयी. तुमच्या पत्रात हा प्रश्न शेवटी आला आहे, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जिच्या पाटल्यांवर घराचा इसार उभा राहिला, तिलाच उंबऱ्याबाहेर थांबवायचे, याला धर्म म्हणवत नाही. नवरा गेला म्हणून बाईचा हात अशुभ होतो हे मानणे म्हणजे तिच्या दुःखावर शिक्षेचा शिक्का मारणे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. एक गाव भरसभेत जे करू शकते, ते एका कुटुंबाला आपल्या उंबऱ्यावर करता येऊ नये का? सासूबाई स्वतःच संकोचून ‘मी मागून येते’ म्हणतील. तो संकोच वर्षानुवर्षे त्यांच्यावर बिंबवलेला आहे. त्याला त्यांची इच्छा समजून मोकळे होऊ नका.

‘उद्या काही बरेवाईट झाले तर?’ हे नातेवाईक हमखास विचारतील. घटकापळे साधून प्रवेश केलेल्या घरांतही आजारपणे येतात, पिके बुडतात. अवघड काळात घर तरते ते माणसांच्या एकोप्यावर आणि वेळीच बुजवलेल्या भेगांवर. तेव्हा गुरुजींना आजच नम्रपणे, पण ठामपणे कळवा की आम्ही श्रावणात येतो आणि कलश सासूबाईंच्या हाती असेल. त्यांना हे मान्य नसेल तर दुसरे गुरुजी शोधा. तेही न मिळाले तर सासूबाईंच्याच हाताने देवापुढे दिवा लावा आणि राहायला जा.