सोवळ्यातील खेळ

स्वच्छता आणि सोवळे या दोन गोष्टी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या एकाच चुलीपाशी नांदत आल्या, त्यामुळे त्यांच्यातील भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हात धुऊन स्वयंपाकास लागावे, हा स्वच्छतेचा नियम होय. हात धुतलेला असला तरी तो अमक्याचा असल्यास चालावयाचा नाही, हा सोवळ्याचा नियम. पहिल्यास कारण विचारले असता तो कारण सांगतो, आणि कारण उरले नाही म्हणजे मुकाट्याने बाजूस होतो. दुसऱ्यास कारण विचारणे हाच मुळी विटाळ. दोन्ही नियम कडक असतात, किंबहुना दुसरा अधिकच कडक असतो. म्हणून केवळ कडकपणा पाहून एखाद्या नियमाची थोरवी मान्य करणे धोक्याचे आहे. हा भेद स्वयंपाकघराबाहेर, मुलांच्या खेळांच्या क्षेत्रात लावून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण आज सुशिक्षित घरांतील आईबापांस जेवढी काळजी मुलांच्या अभ्यासाची वाटते, तेवढीच, कदाचित अधिक, त्यांच्या खेळांची वाटू लागली आहे.

प्रथम ज्या नियमांविषयी कोणाचीच तक्रार नाही असे नियम पाहू. रायगड जिल्ह्यातील कोलाड हे गाव आता राफ्टिंगसाठी प्रसिद्ध झाले आहे. मुळशीच्या ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचे रण माजले, त्या धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिरा येथील टाटांच्या वीजगृहात येते आणि तेथून कुंडलिकेत सुटते. सकाळी पाणी सुटले म्हणजे नदीस वेग येतो व रबरी नावा प्रवाहात लोटल्या जातात. तेथे लाईफ जॅकेट आवळून बांधल्यावाचून नावेत पाऊल टाकता येत नाही. डोक्यावर हेल्मेट असावे लागते. लहान मुलांस घेत नाहीत. आणि गाईडने थांबा म्हटले की हातातले वल्हे थांबवावे लागते. मुंबई-पुण्याकडची जी मंडळी एरवी कोणाचा शब्द खाली पडू देत नाहीत, तीच येथे निमूटपणे आज्ञा पाळतात. याचे कारण उघड आहे. प्रत्येक नियमाचे कारण नावेखालून खळाळत वाहत असते. ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. शिवाय, हे नियम खेळणाऱ्याचा जीव राखतात, त्याची रुची राखण्याच्या भरीस पडत नाहीत. कोणी आरोळ्या ठोकाव्यात, कोणी जीव मुठीत धरून बसावे, त्याविषयी ते काही बोलत नाहीत.

आता दुसऱ्या प्रकारच्या कडकपणाकडे वळू. १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेत मॅटेल या खेळणी करणाऱ्या कंपनीने ‘इंटेलिव्हिजन’ नावाचे एक यंत्र विक्रीस काढले. घरातील टेलिव्हिजनला ते जोडावे आणि व्हिडिओ गेम खेळावेत, अशी त्याची योजना होती. त्याने बऱ्यापैकी नाव कमावले. परंतु १९८३ साली अमेरिकेतील हा सारा धंदाच कोसळला व १९८४ मध्ये मॅटेलने त्यातून अंग काढून घेतले. पुढे २०१८ साली, खेळांस संगीत देण्याबद्दल प्रसिद्ध असलेले टॉमी टॅलारिको यांनी त्या जुन्या नावाचे पुनरुज्जीवन करून ‘अमिको’ हे नवे यंत्र आणण्याची घोषणा केली. यंत्रापेक्षाही गाजली ती त्याची नियमावली. या यंत्रावर केवळ सर्व वयांस किंवा दहा वर्षांवरील मुलांस योग्य ठरलेलेच खेळ येतील. रक्तपात, शिवीगाळ, अश्लीलता यांस मज्जाव राहील. खेळाच्या पोटात पुन्हा पैसे मागणारी दुकाने असणार नाहीत, जाहिराती असणार नाहीत. आत काय आहे ते न सांगता मुलांकडून मोल घेणाऱ्या नशिबाच्या पेट्याही असणार नाहीत. खेळांच्या किमती अल्प राहतील. प्रत्येक खेळ याच यंत्रासाठी केलेला असेल, तो अन्यत्र मिळणार नाही. आणि आरंभीच्या घोषणेप्रमाणे सारी चित्रे जुन्या पद्धतीने सपाट, द्विमितीच असतील. अनेक गृहस्थांस हे वाचून हायसे वाटले, यात नवल नाही. मुलाच्या हाती फोन दिला की तो काय पाहील आणि कोणत्या क्षणी आपल्या खात्यातून पैसे जातील याचा भरवसा नाही, अशा काळात कोणी तरी दारावर पहारा ठेवण्याचे वचन देत होता.

या नियमांची आपल्या कसोटीवर निवड केली असता त्यांचे दोन ढीग पडतात. लपूनछपून पैसे उकळणार नाही, जाहिराती दाखविणार नाही, हे नियम कोलाडच्या लाईफ जॅकेटच्या जातीचे आहेत. समोरचा धोका खरा आहे, खेळणारे मूल तो ओळखू शकत नाही, आणि नियमाने त्याच्या आनंदात काडीचीही उणीव येत नाही. त्यांस स्वच्छतेचे नियम म्हणावयास प्रत्यवाय नाही. परंतु चित्रे सपाटच असावीत यात मुलाचे कोणते रक्षण आहे? इतरत्र गेलेला खेळ आमच्या पंक्तीस नको, यात कोणती नीती आहे? उत्तम खेळ दुसऱ्या यंत्रावर खेळला गेला म्हणून तो ओवळा कसा झाला? यातील काही व्यापाराची सोय आहे, काही जुन्या दिवसांची हळवी आठवण आहे. मात्र सर्वांवर एकच सोवळे नेसवून ती सद्गुण म्हणून पुढे मांडली गेली. ग्राहकाने पहिल्या ढिगावरचा विश्वास नकळत दुसऱ्या ढिगासही द्यावा, हीच अशा सरसकट व्रतांची खुबी असते.

दुसरी शंका याहून खोल जाते. व्रताची किंमत मोहाच्या क्षणी ठरते. ज्याच्या घरात धान्यच नाही त्याने उपवासाचा संकल्प सोडला, तर तो खोटा ठरत नाही. पण त्यास पुण्यही म्हणता येत नाही. अमिकोची नियमावली जाहीर झाली तेव्हा यंत्र अस्तित्वात नव्हते. ते १० ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात यावयाचे होते. ती तारीख टळली, पुढच्या तारखाही टळल्या. अनेकांनी आगाऊ पैसे भरले होते, छोट्या गुंतवणूकदारांनीही भांडवल दिले होते. २०२२ च्या आरंभी टॅलारिको प्रमुखपदावरून दूर झाले. त्या यंत्रासाठी केलेल्या खेळांपैकी काही पुढे सामान्य फोनवर खेळण्यासाठी काढण्यात आले, म्हणजे ‘अन्यत्र मिळणार नाही’ हा नियम पहिल्याच अडचणीत गळून पडला. २०२४ च्या मे महिन्यात ‘इंटेलिव्हिजन’ हे नाव आणि जुने खेळ एके काळचा प्रतिस्पर्धी असलेल्या अटारीने विकत घेतले. तोवर अमिको ग्राहकांच्या घरी पोचलेच नव्हते. यात कोणाच्या हेतूवर आरोप करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, न झालेल्या कर्माचे श्रेय आपण किती उदारपणे देऊन टाकतो! ‘आम्ही काय करू’ हे सांगण्यास कौशल्य लागते. ‘आम्ही काय करणार नाही’ हे सांगण्यास केवळ कागद लागतो.

यावर एक वजनदार आक्षेप येईल, आणि तो टाळणे न्यायाचे होणार नाही. १९८३ साली हा धंदा बुडाला तो वाटेल तसले खेळ बाजारात ओतल्यामुळे. आणि १९८५ पासून अमेरिकेत तो पुन्हा उभा केला तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीने, कडक नियम करूनच. यंत्रात कुलपासारखी एक चिप बसवून तिने परवानगीवाचून आलेला खेळ चालेनासा केला आणि बाहेरच्या प्रत्येक कंपनीस वर्षाला पाचच खेळ काढण्याचे बंधन घातले. मग कडकपणा वाईट कसा? तो वाईट नाहीच. परंतु या दाखल्याचा उत्तरार्धही पाहिला पाहिजे. १९९३ साली ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा खेळ घरच्या यंत्रांवर आला. निन्टेन्डोने त्यातील रक्त पुसून त्याजागी घामासारखे काही दाखविले. सेगा या प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर एक गुप्त खूण दाबली की रक्त दिसे. लोकांनी सेगाचाच खेळ अधिक घेतला. खेळाचा गाभा मारामारीचा तो मारामारीचाच राहिला होता, केवळ डाग धुतला होता, हे बारा वर्षांच्या पोरासही कळले. पुढच्या वर्षी खेळांवर वयाची शिफारस छापण्याची पद्धत अमेरिकेत सुरू झाली आणि निन्टेन्डोने दुसऱ्या भागात रक्त राहू दिले. म्हणजे नियमाची जागा माहितीने घेतली, आणि निवड घरच्या वडीलधाऱ्यांकडे परत गेली. मालाचा दर्जा राखणारा कडकपणा टिकला. रुचीवर बसविलेला कडकपणा टिकला नाही.

हे सारे परक्या मुलखातले म्हणून सोडून द्यावे, तर आपल्याकडे याहून मोठा प्रयोग एका मराठी माणसाच्याच हातून झालेला आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारचे नभोवाणीमंत्री झाले. ते संगीताचे मर्मज्ञ होते. चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडत आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर चित्रपटगीतांस कात्री लागली, निर्मात्यांशी तंटा झाला आणि काही काळ ती गाणी जवळजवळ नाहीशीच झाली. परिणाम काय झाला? लोकांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळविली. त्याच १९५२ साली तेथून सुरू झालेली अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत ऐकली जाऊ लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने स्वतःच ‘विविध भारती’ सुरू केली. ज्यांना दारातून घालविले होते, त्यांना पाट मांडून बोलवावे लागले.

परंतु केसकरांच्या काळाचा याहूनही बोलका धडा पुण्याच्या केंद्रावर घडला. १ एप्रिल १९५५ रोजी तेथून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर दर आठवड्यास नवे गीत येत राहिले. एकूण छप्पन्न गीते झाली. लोक कामे आटोपून रेडिओभोवती बसत. आता गंमत अशी की, ही गीते रचणारे ग. दि. माडगूळकर आणि त्यांस चाली देणारे सुधीर फडके, हे दोघेही चित्रपटसृष्टीत नावारूपास आलेले. ज्या पाण्यास ओवळे मानले गेले, त्याच पाण्याने अभिषेक झाला! अभिरुची उंचावण्याचे जे काम कात्रीस साधले नाही, ते एका उत्तम कृतीने केले. केसकरांनीही संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमासारखी विधायक कामे केली, आणि त्यांचे नाव आज आदराने निघते ते अशा कामांमुळेच. बंदीमुळे निघते ते हसण्यावारी.

यावरून कोणी असा अर्थ काढील की, मुलांस मोकाट सोडावे आणि कायद्याने हात बांधून बसावे. तसे मुळीच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच्या तपशिलाविषयी मतभेद होऊ शकतील. पण त्यामागील कारण कोणासही विचारता येते आणि कर्जात बुडालेली कुटुंबे ते सांगू शकतात. जेथे धोका डोळ्यांस दिसत नाही आणि समोरचा पक्ष बलाढ्य आहे, तेथे पहारा हवाच.

आपला आक्षेप निराळा आहे. ‘हे यंत्र घ्या, यावर वाईट काही येणारच नाही’ असे वचन ऐकून बाप जेव्हा मुलास खोलीत ठेवून निश्चिंतपणे बाहेर येतो, तेव्हा त्याने एक खेळणे विकत घेतलेले नसते. आपले एक कर्तव्य विकून टाकलेले असते. मुलाने खेळ निवडावा, वडिलांनी विचारावे, ‘यात तुला काय आवडले?’, मुलाने उत्तर द्यावे, ते पटू नये, वाद व्हावा, कधी खेळ बंद करावा लागावा, कधी वडिलांसच आपले मत बदलावे लागावे. या कटकटीतूनच मुलाच्या ठायी तो पहारेकरी जन्मास येतो, जो पुढे आईबाप जवळ नसताना उपयोगी पडतो. पेटीच्या दारावरचा पहारा पेटीपुरताच असतो. मूल त्या पेटीबाहेर पाऊल टाकते, आणि ते पहिल्याच दिवशी टाकते, तेव्हा त्याच्यापाशी निवड करण्याचा सराव नसेल तर त्या निर्मळ पेटीने त्याचे काय रक्षण केले?

आणि व्यापाऱ्याचे म्हणाल तर त्याने नियम जरूर करावेत. पण ते माल पुढे ठेवल्यावर सांगावेत, आणि प्रत्येकाचे कारण विचारू द्यावे. ज्या नियमाचे कारण सांगता येते तो पाळावयास कोणास जड जात नाही. ज्याचे सांगता येत नाही, तो पाळणारा मनुष्य सद्गुणी झाला असे नाही. तो केवळ सोवळ्यात आहे, आणि सोवळे फेडावयास वेळ लागत नाही.